वाटोबाचं संवर्धन

आमच्या वारसा संवर्धन मंडळाकडे टी-शर्ट आधी आले, वारसा नंतर. गर्द पिवळे टी-शर्ट, पाठीवर 'जपू या मातीचा ठेवा' आणि छातीवर एका किल्ल्याचं चित्र. हा किल्ला खानदेशातला नाही, हे छपाई झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. छापणाऱ्याला संगणकावर जो पहिला किल्ला सापडला, तो त्याने घेतला होता. अध्यक्ष म्हणाले, "भावना महत्त्वाची." पुढे मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक कामात हे वाक्य आम्हाला उपयोगी पडलं.

मंडळ जळगावचं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत. ते बोलायला उभे राहिले की समोरच्यांचे हात आपोआप मागे जात. मी सचिव, कारण मला निवेदन लिहिता येतं. खानदेशात एखाद्याला निवेदन लिहिता येतं हे एकदा कळलं की त्याला सचिवपदापासून कोणी वाचवू शकत नाही. उपाध्यक्ष म्हणजे आमचे चाचा. त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान. खराटे, घमेली, फावडी, दोर सगळं त्यांच्याकडून येई, म्हणून ते उपाध्यक्ष. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "मला इतिहासातलं काहीच कळत नाही."

"मग तुम्ही योग्य जागी आलात," मी पुटपुटलो. ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

संवर्धनाची आमची पद्धत ठरलेली होती. रविवारी सकाळी दोन-तीन गाड्या काढून एखाद्या जुन्या बारवेवर नाहीतर पडक्या देवळावर जायचं. अर्धा तास झाडलोट. मग 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. 'आधी'चा फोटो काढायचं राहून गेलं तर झाडलेला थोडा पाला पुन्हा पसरून घ्यायचा. त्यानंतर सरांचं भाषण आणि त्यानंतर भरीत. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर भाजलेली वांगी, शेंगदाणे, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. प्रामाणिकपणे सांगायचं तर मंडळाची पटसंख्या वांग्यांच्या हंगामावर अवलंबून होती. फाल्गुन लागला की खानदेशाच्या इतिहासातली लोकांची रुची एकदम ओसरायची.

दगडाचा काळ ठरवायचीही पद्धत होती. कोरलेला दगड दिसला की तो यादवांचा. फारच झिजलेला असला तर त्याहून आधीचा. आणि फुटका असला तर तो कोणी फोडला, हेही ठरलेलं असे. भाषणात तो मुद्दा जवळ आला की चाचा चहाचं बघायला उठत. त्यांना भाषणाची इतकी सवय झाली होती की कोणत्या वाक्याला उठायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळे. परत येऊन ते मला विचारत, "झाला फोडून?" मी मान हलवली की बसत.

अशाच एका रविवारी आम्ही धुळे जिल्ह्यात, धुळ्याला जाणाऱ्या एका जुन्या रस्त्यालगत बारव झाडायला गेलो होतो. बारव झाडून झाली होती, वांगी जाळावर होती. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची, किडकिडीत, पदर कमरेला खोचलेला. आमच्या पिवळ्या घोळक्याकडे तिने बाजारात कोंबड्या बघाव्यात तसं बघितलं.

"भाऊ, जुना दगडे वाचाडणारा तुमीच शेतस का?"

सर पुढे झाले. "होय, माउली."

"मंग आठे वांगा काय भाजतस? मना देव रस्तामा जाई ऱ्हायना, त्याले वाचाडा."

गावात तिला सगळे अक्का म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. अक्काचं म्हणणं सरळ होतं. रस्ता रुंद होतोय. कडेच्या निंबाखाली तिचा देव आहे, वाटोबा. तो रुंदीत जातोय. तिच्या मुलीला सुरतेला दिलेली. लग्नानंतर कित्येक वर्षं मूल नव्हतं. अक्काने वाटोबापुढे नवस बोलला: पोरगा होऊ दे, पाचव्या वर्षी तुझ्यापुढे जावळ काढीन. पोरगा झाला. आता त्याला पाचवं चालू होतं. मुलगी माहेरी येणार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली वर्षातून एकदा नक्की माहेरी येतात, त्या आखाजीला. आणि रस्त्याचं यंत्र आखाजीच्या आधी येणार होतं.

"पोऱ्याना केस कमरलोंग उनात," अक्का म्हणाली. "सुरतमा त्याले बठ्ठा बेन बेन म्हनतस. रडत घर येस."

"मग दुसऱ्या एखाद्या देवापुढे..." आमच्यातल्या कोणीतरी सुचवलं.

अक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "नवस आठे बोलेल शे, आठेच फेडना पडी. तुमी घर एकनं बांधतस नि ऱ्हातस दुसरास्ना घर का?"

तिला एवढंच हवं होतं: आखाजीपर्यंत देव जागेवर राहावा. "त्यानंतर त्या रस्तावालास्नं काय करनं शे ते करू द्या," असंही तिने तिथेच सांगून टाकलं. आमच्यापैकी कोणी ते नीट ऐकलं नाही, कारण सर तोवर निंबाकडे निघाले होते.

वाटोबा म्हणजे गुडघ्याच्या वर येईल एवढा, डोक्याला गोलसर असलेला उभा दगड. शेंदूर इतका की मूळ आकाराचा अंदाज येऊ नये. चांदीचे दोन डोळे, तेही शेंदरात अर्धे बुडालेले. चाचांनी बोटाने जाडी बघितली आणि म्हणाले, "इतके कोट मी गोदामाच्या पत्र्यालाही दिले नाहीत." सासरी जाणाऱ्या मुली इथे डोकं टेकत, नवी जोडपी इथे नारळ फोडत, आणि का कोण जाणे, एसटीही इथेच थांबे.

सर दोन पावलं मागे सरले. डोळे बारीक केले. "वीरगळ," ते हळूच म्हणाले.

लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. त्यावर खाली लढाई, मध्ये स्वर्गाला निघालेला वीर आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. इथे अजून यातलं काहीच दिसत नव्हतं, पण सरांना दिसलं होतं. जाळावरच्या वांग्यांचं साल सुटेपर्यंत ते यादवांच्याही मागे गेले होते. वाटोबा हे नाव वाकाटकांवरून आलं असणार, असं त्यांनी भरीत वाढताना सांगितलं. वाटेवरचा देव म्हणून वाटोबा, ही शक्यता मी बोलून दाखवली. सर माझ्याकडे दुखावल्यासारखे बघत म्हणाले, "इतकं साधं नसतं हो ते."

मी निवेदन लिहिलं. ते घेऊन सर, चाचा आणि मी धुळ्याला रस्त्याच्या खात्यातल्या इंजिनिअरकडे गेलो. चाळिशीचा, थकलेला, पण सभ्य माणूस. रस्त्यात येणारी झाडं, विहिरी, देव, पुतळे आणि पुढारी यांच्याशी बोलून बोलून त्याचा आवाज एकसुरी झाला होता. त्याने निवेदन वाचलं.

"प्राचीन आहे म्हणता? मग मला हे वर पाठवावं लागेल."

"वर म्हणजे?" सरांनी विचारलं.

"वर म्हणजे वर. ते आणखी वर पाठवतील. मग खाली येईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत त्या दगडाला हात लावता येणार नाही."

"आखाजीपर्यंत येईल का खाली?" मी विचारलं.

इंजिनिअर पहिल्यांदाच हसला. "साहेब, कोणत्या वर्षीच्या?"

म्हणजे काम झालं होतं. अक्काला जे हवं होतं, ते सरकारी कारभाराच्या नेहमीच्या गतीने आपोआप मिळणार होतं. कोणालाही काहीही करायचं नव्हतं. निघताना इंजिनिअर म्हणाला, "पुरावा जोडलात तर चांगलंच. नसला तरी चालेल."

त्याने शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. 'नसला तरी चालेल' हे सरांना ऐकूच गेलं नाही. त्यांना 'पुरावा' एवढंच ऐकू आलं. परतीच्या वाटेवर ते गाडीत म्हणाले, "शेंदूर उतरवावा लागेल."

"कशाला?" चाचा म्हणाले. "काम तर झालंय."

"अहो, जगासमोर यायला नको का तो?"

"सर, त्याला आखाजीपर्यंत उभं राहायचंय. जगासमोर कुठे यायचंय?"

पण मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच काहीतरी खरं सापडल्याची शक्यता होती, आणि अशा वेळी मंडळाला आवरणं कठीण असतं. ठराव झाला. धुळ्याच्या एका मंडळाला वास लागला, तर त्यांनी जाहीर केलं की दगड धुळे जिल्ह्यात असल्याने संवर्धनाचा हक्क त्यांचा आहे. झालं, आता तर उशीर करणं शक्यच नव्हतं.

अक्का तयार नव्हती. "देवना आंगले हात नका लावा," ती म्हणाली. सरांनी तिला समजावलं की जुना शेंदूर उतरवणं म्हणजे देवाची आंघोळच. नवा शेंदूर मंडळ देईल. हे केलं तर दगड कायमचा वाचेल. अक्काला कायमचं नको होतं, आखाजीपर्यंत पुरे होतं. पण पिवळ्या टी-शर्टातली वीस माणसं एकाच वेळी समजावू लागली की माणूस थकतो. ती बाजूच्या दगडावर जाऊन बसली आणि पदर तोंडावर धरून म्हणाली, "करा बा. तुमी शिकेल लोक शेतस."

शेंदूर उतरवायच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. गावातली माणसं जमली. एका सदस्याने फोन स्टँडवर लावून थेट प्रक्षेपण सुरू केलं. रॉकेल वापरायचं की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली आणि दगडाला इजा होते म्हणून वापरायचं नाही असं ठरलं. तेवढं एक शहाणपणाचं काम त्या दिवशी झालं. लाकडी पट्ट्यांनी शेंदूर सुटू लागला. थरावर थर. एका थरातून जुनं नाणं निघालं, एकातून बांगडीचा तुकडा, एकातून चांदीच्या डोळ्यांची आधीची जोडी. कोणाकोणाची मागणी कधीकाळी त्यात लिंपली गेली होती. गावातल्या बायका ते तुकडे उचलून पदरात बांधत होत्या. मला तिथे उभं राहायला आवडलं नाही. पण सचिव म्हणून वृत्तान्त लिहायचा होता.

शेंदराखाली चुन्याचा पांढरा थर लागला, आणि त्यात खोल कोरलेली एक रेषा.

"थांबा!" सर ओरडले. मग फोनकडे वळले. "मित्रहो, कोरीव काम दिसू लागलंय."

रेषा वळत गेली. एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने फुगीर.

"अर्धचंद्र!" सर दगडावर वाकले. "वीरगळावर चंद्र असतो, मी म्हणालो होतो."

शेजारी दोन उभ्या रेषा निघाल्या, मध्ये एक आडवी.

"शिडी. वीराला स्वर्गात नेणारी शिडी."

"एकाच पायरीची आहे," चाचा म्हणाले. "स्वर्ग जवळच असणार."

त्याच्या पुढे खालून गोल आणि वरून उघडी अशी आकृती निघाली. "घोड्याचा नाल," सर म्हणाले. "वीर घोडदळातला होता." गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आपल्या देवाला घोडा होता हे त्यांना आजच कळत होतं.

त्याच्या पुढचं अक्षर निघालं तेव्हा सर गप्प झाले. उभी रेषा, खाली आडवी रेषा. यातून कोणतीही लढाई काढता येईना. पण पट्टी चालवणारा सदस्य उत्साही होता. तो थांबलाच नाही. बघता बघता पुढची दोन अक्षरंही मोकळी झाली, आणि खाली आकडा. मग चाचांनी दुकानातल्या डब्यावरचं लेबल वाचावं तसं मोठ्याने वाचलं:

"धुलिया. एकवीस."

निंबावर कावळा ओरडला.

"सर," चाचा म्हणाले, "यादवांचं इंग्रजी चांगलं होतं हो."

तो मैलाचा दगड होता. साहेबाच्या काळातला, धुळे एकवीस मैल सांगणारा. पुढे किलोमीटर आले, नवे दगड लागले, आणि हा जुना दगड बिनकामाचा उभा राहिला. आमच्याकडे काही काम नसलेला दगड फार दिवस नुसता उभा राहू शकत नाही. एसटी तिथे का थांबते, तेही आता कळलं.

"बंद करा ते," सर फोनकडे बोट दाखवून म्हणाले. पण सगळ्यांचे हात तेलकट शेंदराने भरले होते, आणि स्वच्छ फोनला हात लावायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे सरांचं 'बंद करा' आणि चाचांचं इंग्रजीबद्दलचं वाक्य हे दोन्ही प्रक्षेपणात गेलं. संध्याकाळपर्यंत ते चोपड्यापासून दोंडाईच्यापर्यंत फिरत होतं. धुळ्याच्या मंडळाने तत्परतेने खुलासा केला की सदर दगडाशी त्यांचा संबंध नसून तो पूर्णपणे जळगावच्या मंडळाचा आहे.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा मला फोन आला. "बघितलं मी," तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि आवरायचा तो प्रयत्न करत होता हे त्याच्या सभ्यपणाला धरूनच होतं. "साहेब, आता फाईल वर पाठवायचा प्रश्नच नाही. तो तर आमच्याच खात्याचा दगड निघाला. आम्ही तो उचलून गोदामात ठेवू."

"कधी?"

"आखाजीच्या आधी."

म्हणजे ज्या दगडाला कोणी हात लावू शकत नव्हतं, त्याचा मालक आम्ही शोधून दिला होता.

मंडळाची सभा चाचांच्या दुकानाच्या माडीवर भरायची. त्या आठवड्यात सगळे आले. वांगी नसताना एवढी हजेरी प्रथमच. सभा सुरू होते न होते तोच जिन्यावर पावलं वाजली आणि अक्का वर आली. धुळ्याला एसटी बदलून केलेला प्रवास तिच्या चेहऱ्यावर होता.

"देव सोली टाका तुमी," ती उभ्या उभ्या म्हणाली. "आते त्याले पोरं मास्तर म्हनतस. अंतर सांगस म्हनीसन."

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, तो देव नाहीच. मैलाचा दगड आहे."

"तुमले कोनी इचारं व्हतं, देव शे का नही? मी इतलंच सांगं व्हतं, आखाजीलोंग ठेवा. लिखेल काय शे ते माले नका सांगा. जागावर ऱ्हाई का नही, तेवढं सांगा."

मी उठलो. मी म्हणालो की तो दगड शंभर वर्षांच्या वरचा आहे. आजवर आपण जे जे यादवांचं म्हटलं, त्यातलं काहीही आपण सिद्ध केलेलं नाही, आणि हा एक दगड असा आहे की जो स्वतःच स्वतःबद्दल सांगतो. तेही खरं सांगतो; आपल्या एकाही फलकाबद्दल असं म्हणता येणार नाही. तो जागेवर राहावा म्हणून आपण पुन्हा धुळ्याला जाऊ.

"इंग्रजांचं काय जपायचं?" सर म्हणाले. "धुळे किती लांब हे दगडावर लिहिणं म्हणजे काही संस्कृती नव्हे."

"सर, काल पाचोऱ्याहून तुम्ही रेल्वेनेच आलात," चाचा म्हणाले.

ठराव झाला: सदर दगड मंडळाच्या कार्यकक्षेबाहेर आहे. बाजूने सगळे, विरोधात दोघे. ठराव माझ्याच हस्ताक्षरात लिहावा लागला.

अक्का ऐकत होती. ठराव म्हणजे काय ते तिला कोणी सांगितलं नाही, पण चेहऱ्यांवरून तिने ओळखलं असावं. ती चाचांकडे वळली. "भाऊ, मंडळ शेंदूर देवाव व्हतं. तो तरी देतस का?"

"देतो ना अक्का. शेंदूर शेजारच्या पूजेच्या दुकानातून आणतो, तेल माझं." चाचा तिला घेऊन खाली उतरले. मी मागोमाग गेलो. सभेत आता अभिनंदनाचा ठराव यायचा होता, कोणाच्या अभिनंदनाचा ते ठरायचं होतं. चाचांनी तेलाचा मोठा डबा पोत्यात बांधला आणि म्हणाले, "अक्का, पोचवतो मी. तुम्ही हा उचलून नेलात तर नवस फेडायला तुम्हीच उरायच्या नाहीत."

"तुमीबी कमी नही," अक्का म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

आम्ही तिला चाचांच्या गाडीतून गावी सोडलं. निंबाखाली वाटोबा उघडा उभा होता. मला तो आवडला, खरं सांगतो. सुबक कोरलेली अक्षरं, कोणी पाथरवटाने उन्हात बसून ठोकलेली. मी त्याचा फोटो काढला. मग बायकांनी शेंदूर कालवला. पदरांच्या गाठी सुटल्या आणि नाणं, बांगडीचा तुकडा, डोळ्यांच्या दोन्ही जोड्या परत आपापल्या जागी गेल्या. धुलियाचं आधी धुकं झालं आणि मग काहीच उरलं नाही. वीस स्वयंसेवकांना जे काम करायला अर्धा दिवस लागला, ते उलटं करायला पाच बायकांना तासभरही लागला नाही. यांचाही फोटो काढावा असं मला वाटलं, पण 'आधी' कुठलं आणि 'नंतर' कुठलं, हे काही मला ठरवता येईना.

आखाजीच्या चार-पाच दिवस आधी यंत्र आलं. इंजिनिअरने मला आदल्या दिवशी कळवलं होतं. का कळवलं, ते मी विचारलं नाही. चाचा आणि मी पोचलो तेव्हा यंत्राचा पंजा निंबाजवळ येऊन थांबला होता. चालक खाली उतरून चप्पल काढून उभा होता. बिहारकडचा होता तो.

"उठाओ," मुकादम म्हणाला. "सरकारी पत्थर है."

"साहब, पत्थर सरकारी, मशीन मालिक का. पर बाल-बच्चे मेरे हैं." असं म्हणून त्याने हात जोडले. मुकादमाला नव्हे, वाटोबाला.

अक्का निंबाला टेकून बसली होती. तिची बोटं पदराचं टोक पिळत होती.

इंजिनिअर जीपमधून उतरला. वाटोबाभोवती एक फेरी मारली. प्रदक्षिणा होती की पाहणी, सांगता येणार नाही. मग तो माझ्याजवळ आला.

"अक्षरं दिसत नाहीत आता," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे हा आमचा दगड आहे, याला पुरावा काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा कार्यालयातल्यासारखाच थकलेला आणि सभ्य होता.

"प्रक्षेपण तर सगळ्यांनी पाहिलंय," चाचा म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मोबाईलवर काय, काहीही दिसतं," इंजिनिअर म्हणाला. "प्रत्यक्ष जागेवर शेंदूर लावलेला, काळ अनिश्चित असा दगड आहे. मला हे वर पाठवावं लागेल." मुकादमाला म्हणाला, "पुढचं काम घ्या. हा तुकडा सोडा." जीपमध्ये बसताना अक्काला विचारलं, "आखाजी कधी?"

"येवाले लागनी," अक्का म्हणाली. "तुमी बी या जावळले."

तो आला नाही. पण यंत्रही आलं नाही.

आखाजीला निंबाला झोके बांधले होते. माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. सुरतेचा नातू मामाच्या मांडीवर होता, कमरेपर्यंत केसांची वेणी घातलेला, आणि गुजराती व मराठी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी रडत होता. न्हाव्याने वेणी कापून पदरात टाकली तेव्हा अक्काच्या मुलीने वाटोबाच्या पायाशी डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "बस व माय. फिटना आते," एवढंच म्हणाली. टक्कल झालेला नातू आरशात बघून आणखी मोठ्याने रडू लागला. सुरतेत पोरं आता नवं काहीतरी म्हणणार होती.

तेवढ्यात रस्त्यावर तीन गाड्या थांबल्या. पिवळे टी-शर्ट उतरले, मध्ये लांब कापडी फलक: 'वाटोबा वाचवा'. मधल्या काळात त्या फिरणाऱ्या चित्रफितीला सहानुभूतीही मिळाली होती. लोकश्रद्धा हाही वारसा असतो, असं कोणीतरी मोठ्या माणसाने कुठेतरी म्हटलं होतं, आणि सरांना ते पटलं होतं. ठराव मागे घेतला गेला होता. तो मागे घेण्याचा ठराव मात्र त्यांनी मला न विचारता लिहिला.

"अक्का, काळजी करू नका," सर म्हणाले. "आता हा दगड इथून एक इंच हलणार नाही."

"कसाले?" अक्का म्हणाली. "मना नवस फिटी गया. रस्तावालास्ले मी शबद देयेल शे. आते खुशाल सरकाडा त्याले मांगे."

सरांच्या हातातला फलक हळूहळू खाली आला.

"भरीतना दिन गयात, सर," अक्का म्हणाली. "आमरस शे. जेवन करी जा."

सगळे जेवले. विरोध करायला आले होते तेही, आणि पाठिंबा द्यायला आले होते तेही. ते एकच लोक होते.

आठवड्याभराने गावकऱ्यांनी नारळ फोडून, पहारी लावून, वाटोबाला नव्या रस्त्याच्या कडेला नेऊन बसवला. पुढे-मागे न करता नुसता बाजूला सरकवल्यामुळे धुळ्याचं अंतर होतं तेवढंच राहिलं. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मी चाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग शेंदराच्या आत अजून खरंच बोलतोय बिचारा."

त्याच्या शेजारी आमच्या मंडळाचा फलकही उभा आहे. वाटोबापेक्षा तो चांगला दुप्पट उंच. त्यावर मंडळाचं नाव, सरांचं नाव, 'संवर्धित लोकवारसा', आणि काळ म्हणून नुसतं 'प्राचीन'. खालच्या ओळीत सचिव म्हणून माझंही नाव आहे.

परवा चाचांबरोबर धुळ्याहून येताना तिथे थांबलो. मुली सासरी निघाल्या होत्या, एसटी उभी होती, वाटोबापुढे गर्दी होती. ज्यांना जवळ जाता येत नव्हतं त्या दोघीतिघींनी फलकाच्या खांबालाच शेंदराचं बोट लावून घेतलं होतं. खांबाच्या बुडाशी नारळाची करवंटी होती. शेंदूर अजून पातळ आहे, पण वर चढतोय.

"पुसू का?" चाचांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "पुसला तर खालून मंडळाचं नाव निघेल."